मंत्रिमहोदय, आमच्या पोरांचा कच्चा खर्डा वाचायचा कोणी?

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,
सादर नमस्कार.

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी तासिका तत्त्वावर एम.ए.चे वर्ग घेतो. 2023 पासून नवे शैक्षणिक धोरण पदव्युत्तर वर्गांना लागू झाले. पहिल्याच सत्रात चार क्रेडिटची 'संशोधन पद्धती' आली आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प. तेव्हा मी मनापासून खूश झालो होतो.

आज माझ्या वर्गातल्या पोरांना गृहीतकृत्याच्या (संशोधनात तपासून पाहायच्या अंदाजाच्या) तीन व्याख्या, व्याख्याकारांच्या नावांसकट, पाठ आहेत. झोपेतून उठवले तरी सांगतील. पण 'तुझ्या गावात तू काय पाहिलंस ते दहा ओळींत लिही' म्हटले की पेन जागीच थांबतो. मग झेरॉक्सचे दुकान मदतीला येते. तिथे प्रकल्प तयार मिळतो, फक्त नाव आणि रोल नंबर बदलायचा. अशा प्रकल्पात स्वतःच्या हाताने लिहिलेला भाग एकच असतो, ऋणनिर्देश. तो मात्र दोन-दोन पाने आणि फार सुंदर!

मागच्या वर्षी एका विद्यार्थिनीने तेंदूपत्त्यावर विषय घेतला. पहिला खर्डा चाळीस पानांचा होता. त्यातली निम्मी पाने 'आदिवासी म्हणजे काय' यावर, नेटवरून उचललेली. आणि लिहिणारी स्वतः गोंड. मी ते बंद करायला लावले आणि म्हटले, फळीवर, म्हणजे तेंदूपत्ता गोळा करून मोजतात तिथे, काय होते ते सांग. मग ती बोलतच सुटली. सत्तर पानांचा पुडा कसा बांधतात, मोजताना कुठे कापाकापी होते, आधी ठेकेदार होता तेव्हा काय व्हायचे आणि ग्रामसभा स्वतः लिलाव करू लागल्यावर घरात काय बदलले. बोलता बोलता थांबून तिने विचारले, "सर, हे बी लिवा लागते का?"

तेच तर लिवा लागते. पण ते कागदावर उतरायला आम्हाला नऊ बैठका लागल्या. माहिती कुणाकडून मिळाली ते कसे नोंदवायचे, आजीचे म्हणणे आणि स्वतःचा निष्कर्ष वेगळे कसे ठेवायचे, दुसऱ्याचे वाक्य आपल्या शब्दांत कसे मांडायचे, हे तिला पंधरा वर्षांच्या शिक्षणात कोणी शिकवले नव्हते. घरी माडिया किंवा गोंडी, गावात झाडीबोली, परीक्षेत प्रमाण मराठी आणि संदर्भ इंग्रजीत. एवढे सगळे ओलांडून ती लिहीत होती.

या नऊ बैठकांपैकी एकही आमच्याकडे तासिकेत धरली गेली नाही. आम्हाला मानधन मिळते ते वर्गात उभे राहून बोलण्याचे. बसून वाचण्याचे नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2018चे वाङ्मयचौर्याचे नियम आहेत. दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालते. दहा ते चाळीस टक्क्यांत सापडले तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचे. नियम योग्यच आहे. पण सुधारायचे कसे, ते कोणी दाखवायचे? टक्केवारी काढणारे सॉफ्टवेअर आहे, परिच्छेद घेऊन शेजारी बसणारा माणूस नाही. जानेवारी 2025 पासून 'एक राष्ट्र एक सदस्यत्व' योजनेत सुमारे 13 हजार संशोधन नियतकालिके सरकारी संस्थांना खुली झाली, तीन वर्षांसाठी 6 हजार कोटींची तरतूद झाली. चांगले झाले. पण आमच्या मुलांना त्यातला एक लेख वाचायला तीन दिवस लागतात.

आमच्याच जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात, मेंढा (लेखा) हे गाव आहे. 2009 मध्ये त्याला सामूहिक वनहक्क मिळाला हे आपल्याला ठाऊक असेलच. पण त्याच्या मुळाशी अभ्यासगट होते. लोक एकत्र बसायचे, कायदा वाचायचे, शंका काढायचे आणि मग ग्रामसभा ठरवायची. जंगलातल्या गावाला जे जमले, ते पदव्युत्तर कॉलेजला का जमू नये?

म्हणून मागणे असे. ज्या तालुक्याच्या कॉलेजात पदव्युत्तर वर्ग आहेत, तिथे आठवड्यातून दोन दुपारी लेखनाचा अभ्यासगट बसू द्या. खोली आहे, सतरंजी आहे. खर्डा वाचण्याच्या वेळेला तासिका म्हणून मान्यता द्या. गडचिरोलीला एक दिवसाची कार्यशाळा घेऊन आणि प्रमाणपत्र वाटून हे होणार नाही. सिरोंच्याच्या मुलाला त्यासाठी सुमारे दोनशे किलोमीटर यावे लागते, आणि परत जाईपर्यंत तो निम्मे विसरलेला असतो.

आणखी एक. प्रकल्प जमा करायची तारीख आमच्याकडे नेमकी मोहफूल आणि तेंदूच्या हंगामात येते. त्या दिवसांत माझा अर्धा वर्ग जंगलात असतो, कारण वर्षाची फी तिथूनच निघते. ती तारीख महिनाभर अलीकडे घेतली तर शासनाचा एक रुपयाही खर्च होणार नाही.

त्या मुलीचा प्रकल्प शेवटी एकवीस पानांचा झाला. आपण कधी या बाजूला आलात तर वाचायला देईन.

आपला,
तासिका तत्त्वावरील एक सहायक प्राध्यापक
जि. गडचिरोली