डांगीची वासरे मोजू नका, वळू मोजा

मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य
सप्रेम नमस्कार.

३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्याने देशी गाईला राज्यमातेचा दर्जा दिला. त्यानंतर भ्रूण प्रत्यारोपणाची भाषा वाढली, याचा आम्हाला आनंद आहे. पण जन्मलेल्या वासरांच्या आकड्यावर यश ठरवू नका. अकोले-इगतपुरीच्या मुसळधार पावसात भातखाचरात राबणाऱ्या डांगी या देशी गोवंशाला तो हिशेब महागात पडेल.

हजार गाईंना पाचच वळू असतील, तर आनुवंशिकदृष्ट्या तो कळप जेमतेम वीस जनावरांचा ठरतो आणि दर पिढीला सगोत्र प्रजनन अडीच टक्क्यांनी वाढते. वळू पंधरा करा, तोच कळप एकोणसाठचा होतो आणि ही वाढ एक टक्क्याच्या आत येते. वळू अर्थातच एकमेकांच्या नात्यातले नकोत. आयव्हीएफमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत भ्रूण तयार करताना, एकाच गाईची स्त्रीबीजे पुन्हा पुन्हा काढता येतात, म्हणजे आईच्या बाजूनेही रक्त आटते. दर दाता गाईमागे भ्रूणांची मर्यादा ठरवून द्या.

लिंगविनिश्चित वीर्याने सुमारे नव्वद टक्के कालवडी होतात. दूधवाल्याला ते हवेच आहे. पण डांगीच्या निवडक गाईंनाही तेच भरले, तर उद्याचे वळू कुठून आणणार? या निवडक गाईंसाठी साधी रेतमात्राच वापरावी.

भ्रूण सात दिवसांचा असतो, म्हणून तो जिच्या गर्भाशयात वाढवायचा ती पालक गाय माजावर आल्याचा दिवस नेमका माहीत हवा. पीतपिंड (माजानंतर अंडाशयावर तयार होणारी गाठ) ज्या अंडाशयावर, त्याच बाजूच्या गर्भशिंगात, म्हणजे गर्भाशयाच्या फाट्यात, भ्रूण सोडायचा. माजाची तारीख अंदाजाने लिहिली की दोन-तीन दिवसांची चूक होते आणि महागडा भ्रूण वाया जातो. पालक गाय संकरित असली तरी चालते, वासराचा वंश भ्रूणाचाच राहतो.

खरी गळती गोठवलेले वीर्य ठेवायच्या द्रवनत्राच्या (द्रवरूप नायट्रोजनच्या) कंटेनरपाशी होते. उणे १९६ अंशांतली वीर्याची कांडी कंटेनरच्या गळ्यापर्यंत वर धरून वळूचा क्रमांक शोधत बसले, तर काही सेकंदांत शुक्रजंतू मरू लागतात. कांडी परत बुडवली तरी ते जिवंत होत नाहीत. बाहेरून काहीच कळत नाही. गाय उलटते, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येते, आणि दोष गाईला लागतो. प्रत्येक दवाखान्यात द्रवनत्राची पातळी दर आठवड्याला पट्टीने मोजून नोंदवावी. कांडी ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद वितळवायची, त्यासाठी थर्मामीटर द्यावा.

आणि सर्वांत आधी, गावोगावचे उत्तम डांगी गोऱ्हे औताला जुंपण्यासाठी खच्ची होण्यापूर्वी हेरा, डीएनए चाचणीने त्यांचे नाते तपासा आणि मालकाला योग्य किंमत देऊन ते विकत घ्या.

आपले,
कृत्रिम रेतन व भ्रूण प्रत्यारोपणाचे काम करणारे पशुवैद्यक