आईच्या गुडघ्याखालचा लोड

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

काल व्हिडिओ कॉलवर आईच्या ऑपरेशन झालेल्या गुडघ्याखाली लोड दिसला. तिने चादर ओढून घेतली, पण तोवर दिसायचं ते दिसलं होतं. बाबा, तो कोणी ठेवला हे विचारतही नाही. तिला त्याने बरं वाटतं, कबूल. पण गुडघा असा तासन्‌तास वाकलेला राहिला की मागची बाजू आखडते, आणि पाय पुरता सरळ होईनासा झाला की नवा सांधा बसवूनही माणूस लंगडतच चालतं. ठेवायचंच तर टाचेखाली ठेवा. गुडघा अधांतरी राहतो आणि स्वतःच्या वजनाने खाली बसतो. पाच-दहा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. ती कुरकुरेल. तुम्ही पेपर वाचा.

आई, तुझं सगळं लक्ष वाकवण्याकडे. नव्वद अंश झाले का, समोरच्या काकूंचे किती झाले! खुर्चीतून उठायला, जिना उतरायला वाकणं लागतंच, ते करायचंच. टाचेखाली प्लास्टिकची पिशवी घे म्हणजे चादरीवर पाय सरकेल. टाच हळूहळू कुल्ल्याकडे ओढायची, ताण जाणवला की थांबायचं, मग सोडायचं. पण खरी कामाची मांडी. ऑपरेशननंतर तिथला स्नायू झोपूनच जातो. पाय लांब करून गुडघा गादीत दाब, पाच अंक मोज, सोड. असं दहा वेळा. बाबा, तुम्ही मांडीवर हात ठेवून बघा, कडक लागली तरच तो व्यायाम झाला. नुसतं तोंड वेडंवाकडं केलेलं मोजायचं नाही. ते जमलं की दुसरा पाय दुमडून हा पाय सरळच्या सरळ वीतभर उचलायचा.

दुखण्याची गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घे. व्यायाम झाल्यावर बर्फ, टॉवेलात गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटं. सूज आणि गरमपणा काही महिने राहतो, त्याने घाबरू नका. आत्याने पाठवलेलं तेल मात्र कपाटातच राहू दे. जखमेवर चोळायचं नाही आणि पोटरी तर अजिबात रगडायची नाही.

पावलं वर-खाली हलवणं जागी असताना दर तासाला, टीव्ही बघतानाही चालेल. रक्ताची गाठ होऊ नये म्हणून ते असतं. पोटरी एकाएकी सुजून दुखायला लागली, जखमेतून पाणी आलं किंवा ताप चढला, तर मला फोन करण्याआधी डॉक्टरांना करा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट हॉस्पिटल गाठा.

अंगणातल्या पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. काठी घ्यायला लागलीस की ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. पायपुसणी सगळी उचलून ठेवा. मांडी घालून बसायला डॉक्टरांनी मनाई केली आहे, तेव्हा गौरीला हळदीकुंकू खुर्चीतून. पाटासाठी हट्ट धरू नकोस.

संडासात ठेवायची उंच खुर्ची उद्या दुपारपर्यंत पोचेल. बाबा, ती आली की आधी चारही पायांची रबरी बुचं घट्ट बसली आहेत का ते बघून घ्या.

तुमची,
ताई