एकट्या ज्येष्ठांना नुसतं 'घरात बसा' सांगून भागत नाही

संपादक महोदय,

साथ आली की एकटे राहणाऱ्या ज्येष्ठांना सगळीकडून एकच सल्ला मिळतो, घरातच बसा. मी सत्तरी ओलांडलेली आणि एकटीच राहणारी, म्हणून चार शब्द लिहिते. घरात बसायला आमची ना नाही हो, पण बसल्यावर बाकीचं कसं निभवायचं ते कोणी सांगत नाही.

आता साधं पायाच्या नखांचं बघा. गुडघे धड नाहीत, वाकलं की चक्कर येते, त्यात डायबिटीस असेल तर जरा कातडी कापली गेली तरी जखम चिघळायची भीती, म्हणजे दुसऱ्या माणसाला बोलवणं आलं, आणि ते माणूस काही सहा फुटांवरून नखं कापणार नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यात थेंब घालायचे तर तेच. मग आम्ही काय करतो, नखं वाढू देतो, ऑपरेशन पुढे ढकलतो, बीपीची तपासणी पण नंतर बघू म्हणतो. बल्ब गेला तर कोणाला बोलवण्यापेक्षा स्वतःच स्टुलावर चढतो, आणि या वयात पडणं म्हणजे काय ते सांगायला नको. घरात बसून राहण्याचंही काही फुकट नसतं. निरोगी वयस्कर माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवून केलेला एक अभ्यास २००७ साली आला होता, त्यात पायांचं मांस जवळपास एक किलोने कमी झालेलं दिसलं. आम्ही काही दहा दिवस झोपून नसतो, मान्य आहे, पण महिनोन्महिने खुर्ची ते पलंग एवढंच चालणं झालं तर वेगळं काय होणार?

आणि फोनबद्दल. रोज फोन करणं म्हणजे म्हाताऱ्यांचं मन रमवणं असं लोकांना वाटतं. कोविडमध्ये वयस्कर माणसांना कधी कधी ताप न येता नुसता गोंधळ उडायचा, बोलणं असंबद्ध व्हायचं, ऑक्सिजन खाली गेला तरी धाप लागत नव्हती अशाही केसेस होत्या. घरात दुसरं माणूस असलं तर लगेच ओळखतं की हे काहीतरी वेगळंच बोलतायत. एकट्याला आपलाच गोंधळ उडालाय हे कळणार कसं? ऑक्सिमीटर असतो घरात, पण तो बोटाला लावायचं भान पण असायला पाहिजे ना. म्हणून रोज ठरलेल्या वेळी फोन करा आणि नुसतं बाहेर गेली नाहीस ना एवढंच विचारून ठेवून देऊ नका (आमच्याकडे बहुतेक फोन याच चौकशीचे असतात), दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोला, त्यातच सगळं कळतं.

मुख्य मुद्दा नियमांचा. जून २०२० मध्ये इंग्लंडने एकटं राहणाऱ्यांना दुसऱ्या एका घराशी जोडून घ्यायची परवानगी दिली, अंतर न ठेवता एकमेकांकडे जाता येत होतं, सपोर्ट बबल म्हणायचे त्याला. पण हे सुचेपर्यंत लॉकडाऊन लागून जवळपास तीन महिने झाले होते. न्यूझीलंडमध्ये एकट्या माणसाला दुसऱ्या एका घराशी जोडून घ्यायची सोय कडक लॉकडाऊनमध्येच होती. म्हणजे जमत नाही असं नाही. चार माणसांच्या घराला आणि एका माणसाच्या घराला एकच नियम लावला तर कागदावर सारखा दिसतो, पण त्या चौघांना आपापसात भेटायला कोणी अडवलेलं नसतं आणि आम्हाला मात्र एकही माणूस भेटत नाही.

तेव्हा पुढची साथ येईल तेव्हा ही सवलत पहिल्या दिवसापासून नियमातच असावी. खिडक्या उघड्या ठेवू, मास्क लावू, लस तर घेऊच, त्यात आम्ही कुठे मागे होतो? फक्त जोडून घ्यायचं घर कोणतं ते आमचं आम्हाला ठरवू द्या, मुलांनी परस्पर ठरवू नये, कारण मुलांकडे जाण्यापेक्षा शेजारची मैत्रीण कधी कधी जास्त उपयोगी पडते.

आपली,
एक ज्येष्ठ वाचक