स्वमुळावरचा अक्रोड

स्टॉकटन, कॅलिफोर्निया
२२ ऑक्टोबर

प्रिय बंड्या,

डॉगरिज खुंटावर कलम केलेली द्राक्षबाग उपटून नवी स्वमुळावर, म्हणजे कलम न करता वेलाच्या स्वतःच्याच मुळांवर, लावायची म्हणतोस, आणि वर विचारतोस की तुमच्याकडचे अक्रोडवाले काय करतात! अरे, इथेही तोच वाद आहे. फक्त त्यात एक व्हायरस घुसलाय.

इथल्या जुन्या बागेत एकाच झाडाचा बुंधा दोन रंगांचा दिसतो. खाली काळपट, भेगाळलेली साल. वर फिकट, गुळगुळीत. खुंट, म्हणजे कलमाचा खालचा मुळांचा भाग, काळ्या अक्रोडाचा किंवा ‘पॅराडॉक्स’चा आणि त्यावर कलम केलेला इंग्लिश अक्रोड. पॅराडॉक्स हा या दोघांचाच संकर, ल्यूथर बरबँकने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सांता रोझात केलेला. वाढ दांडगी, म्हणून बागायतदार त्याच्यावर फिदा.

व्हायरसचं नाव चेरी लीफ रोल. परागकणांबरोबर येतो. इंग्लिश अक्रोड त्याला पोटात घेऊन खुशाल जगतो. पण व्हायरस उतरत उतरत कलमाच्या सांध्यापाशी पोचला की खुंट त्याला आत घेत नाही, स्वतःच्याच पेशी मारून वाट बंद करतो. तिथे मेलेल्या सालीची बारीक काळी रेघ उमटते, पसरत जाते आणि शेवटी बुंध्याला वेढा घालते. पानांतलं अन्न मुळांना मिळेनासं होतं, झाड उभ्या उभ्या जातं. ब्लॅकलाइन म्हणतात याला. प्रतिकार करतो खुंट आणि जीव जातो झाडाचा, आहे की नाही गंमत!

सांधाच नसेल तर ही भानगड नाही. म्हणून ‘चँडलर’ या इंग्लिश अक्रोडाच्या वाणाची स्वमुळावरची रोपं निघाली, तीही टिश्यू कल्चरची, कारण अक्रोडाच्या फांदीला द्राक्षाच्या काडीसारखी सहज मुळं फुटत नाहीत. बुंधा मोडला तरी खालून येणारा फुटवा चँडलरचाच. मात्र सूत्रकृमी, म्हणजे मुळांना लागणारे बारीक किडे, मुरलेल्या जमिनीत या मुळांचे हाल होतात. तिथे व्हीएक्स २११, आणि मुळं कुजवणारा फायटोफ्थोरा असेल तर आरएक्स १ हा खुंट बरा.

मला विचारशील तर ब्लॅकलाइनच्या पट्ट्यात, पूर्वी अक्रोड नसलेल्या रानात मी डोळे झाकून स्वमूळ लावीन. अक्रोड काढून पुन्हा अक्रोड लावायचा असेल तर नाही.

तुझ्याकडे ब्लॅकलाइन नाही. तुमच्या भागात डॉगरिज आला तो क्षार आणि पाण्याची टंचाई बघून. तो माजतो, घड कमी धरतो, ही तुझी तक्रार खरी. पण विहिरीचं पाणी अजून तसंच मचूळ असेल तर स्वमुळावरची पानं कडेने करपायला लागतील, मग कुणाला बोल लावणार? उपटण्याआधी माती-पाणी तपास आणि रिपोर्टचा फोटो पाठव. क्षार कमी निघाले तरी आधी एकाच तुकड्यात लाव.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
नंदू