चार नंबरचं मशीन

मिरज,
गुरुवार, रात्री साडेदहा

प्रिय शैला,

शैले, आपल्या टायपिंग क्लासमधलं चार नंबरचं मशीन सापडलं!

दिवाळीनंतर तुला पत्र नाही की फोन नाही, याची टोचणी मनाला आहेच. तुझे दोन फोन येऊन गेले आणि मी 'उद्या करते' म्हणत राहिले. चुकलंच माझं. तब्येत ठीक, शुगर आटोक्यात, ह्यांचंही बरं चाललंय. आता मुद्द्याचं ऐक, कारण हे तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही.

समीर जर्मनीला चाललाय. त्याने स्वतः जोडलेला कीबोर्ड पंधरा दिवसांसाठी माझ्याकडे आणून ठेवला. म्हणाला, "मावशी, वापरून बघ. पटला तर तीस हजारांत तुझा, नाहीतर विकून टाकतो." त्याचे स्वतःचे याहून जास्त गेलेत. रविवारी तो येईल तेव्हा हो की नाही सांगायचंय. ह्यांच्या लेखी कीबोर्ड म्हणजे सहाशे रुपयांची वस्तू. त्यांना तरी काय बोलू, इतकी वर्षं मी तसलेच वापरले, दीड-दोन वर्षांत 'क'चं अक्षर पुसलं की नवीन आणला.

खोक्यातून उचलतानाच दचकले. अडीच किलो! ॲल्युमिनियमची पेटी, तळाला पितळेचा जाड तुकडा. टेबलावर ठेवला की तसूभर सरकत नाही. बटणांची पट्टी आत स्क्रूने आवळलेली नाही, मऊ पट्ट्यांवर टेकवलीय, त्यामुळे बोट जोरात पडलं तरी हादरा मनगटापर्यंत येत नाही. प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच, त्यात स्प्रिंग. बटण चार मिलिमीटर खाली जातं, पण अक्षर साधारण दोनातच उमटतं. मी आपली जुन्या सवयीने तळापर्यंत हाणत होते. तिसऱ्या दिवशी सरांचा आवाज कानात आला, "दाबू नका, टोचा आणि सोडा!" तसं केलं आणि शैले, बोटं चालायला लागली. समीरने स्विच उघडून एकेकाला ब्रशने क्रायटॉक्सचं वंगण लावलंय, सदुसष्टच्या सदुसष्ट. कुठे खरखर नाही. मऊ, पण मिळमिळीत नाही. चार नंबरच्या मशीनचा हात आठवतो ना? अगदी तसा.

तेच ते मशीन, जे परीक्षेच्या दिवशी अर्धा तास आधी येऊन तू पटकावलंस. मला सात नंबर आलं, 'र' अडकणारं. मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा माझी तेव्हा गेली ती त्या 'र'मुळे, हे मी आजही कुणासमोरही म्हणेन.

तर, नीट पारख करायची म्हणून मी माझंच काम घेतलं, एका जमिनीच्या दाव्याचं पान. जुन्या कीबोर्डवर तीनदा, ह्याच्यावर तीनदा. वेग वाढला नाही. मिनिटाला बेचाळीस शब्द होते, त्रेचाळीस झाले, त्याला वाढ म्हणत नाहीत. पण चुका अकरावरून पाचवर आल्या, आणि संध्याकाळी डाव्या हाताचं मधलं बोट दुखलं नाही.

त्या बोटाचं काय आहे बघ. आपण रेमिंग्टन टाइपरायटरवर शिकलो, अर्धी अक्षरं वेगळी, काना वेगळा. कॉम्प्युटरवरच्या इनस्क्रिप्ट मांडणीत स्वर डावीकडे आणि बहुतेक व्यंजनं उजवीकडे, त्यामुळे हात आळीपाळीने चालतात, जात्यावर दोघी बसल्यासारखे. पण अक्षराचा पाय मोडायचं बटण इंग्रजी डी-वर आणि काना त्याच्या डोक्यावर ई-वर. म्हणजे दोन्ही त्या एकाच बोटाला! 'स्वातंत्र्य' लिही, किती वेळा ते बोट पडतं मोज. या कीबोर्डांबद्दल पोरं तासन् तास बोलतात, पण ती इंग्रजी टाइप करणारी, त्यांना पाय कुठे मोडावा लागतो? मी समीरला हे सांगितलं तर तो दोन मिनिटं गप्पच बसला. मग चिमट्याने त्या दोन बटणांखालचे स्विच उपटले आणि हलक्या स्प्रिंगचे बसवले. सोल्डरचा डाग द्यावा लागला नाही, नुसते दाबून बसतात.

आणि 'ळ'! शिफ्ट दाबून एन, ही कसरत मी वीस वर्षं केली. याच्या आतल्या मेमरीत कुठलं बटण काय पाठवेल ते आपण ठरवायचं. कॅप्स लॉकचा मला उपयोग काय? तिथे आता 'ळ' आहे. एका बोटात डोळा, एका बोटात बाळ, आभाळ, मिळकत, सोळा गुंठे. पहिल्यांदा 'ळ' उमटला तेव्हा मी पानभर तेच लिहीत बसले. तू आमच्या 'ळ'ला हसायचीस, "जीभ इतकी वळवता कशाला गं," म्हणायचीस. आता बोट वळवावं लागत नाही.

खोट नाही असं नाही. पुढची कड उंच आहे, पहिल्या आठवड्यात मनगट धरलं. आता पंचाची घडी ठेवते, बरं वाटतं. उजवीकडचे आकडे नाहीत, आणि माझ्या कामात गट नंबर, हिस्से, रकमा यांचाच भरणा. वरच्या ओळीतून आकडे टाकताना अजून मान खाली जाते. स्पेसबार खडखडत होता, तो समीरने तारेला ग्रीस लावून गप्प केला. पण तो गेल्यावर पुन्हा खडखडला तर? इथे मिरजेत कोण बघणार? हे मला रात्री सुचतं आणि झोप जाते.

पैसे आहेत. ओट्यासाठी बाजूला ठेवलेत. ओटा तडकलाय, पण पोळ्या होतातच ना त्याच्यावर. मी कमावलेला प्रत्येक रुपया या बोटांनी कमावलाय, आणि या बोटांसाठी कधी काही घेतलं नाही. हे ह्यांना सांगताना माझा आवाज चढला, मग दोघंही गप्प.

तुझी बदली झाली का? रोहिणीची साडी मी बघून ठेवलीय, फोटो पाठवते. आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं असेलच.

हे पत्र त्याच्यावरच टाइप केलंय. खाडाखोड जवळपास नाही. शनिवारी रात्री आठनंतर फोन कर आणि ठेव म्हण किंवा नको म्हण, पण आडवळणाने बोलू नकोस.

तुझी,
सुनंदा

ता. क. त्या दिवशी तू मुद्दाम लवकर आली होतीस की नाही, तेही फोनवर सांगून टाक. १९९१ सालची गोष्ट आहे, आता भांडणार नाही.