कर्तृत्ववान स्त्रियांच्या ग्रंथदालनासाठी आवाहन

सर्व सभासद, वाचक आणि हितचिंतक यांस सप्रेम नमस्कार.

महाराष्ट्रातील कर्तृत्ववान स्त्रियांची ओळख करून देणारा आपल्या वाचनालयाचा मासिक उपक्रम येत्या ३ जानेवारीस, सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीदिनी, सहाव्या वर्षात पदार्पण करीत आहे. तसबिरीला हार घालून आणि भाषणे करून मोकळे न होता, त्या स्त्रीने स्वतः लिहिलेले वा सांगितलेले शब्द सर्वांसमक्ष मोठ्याने वाचायचे, हा नेम आपण एकाही महिन्यात मोडलेला नाही. मुक्ता साळवे यांचा १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आलेला निबंध आठवीतील एका मुलीने वाचला, तो दिवस उपस्थितांच्या स्मरणात असेलच. लिहिणारीही शाळकरी मुलगीच होती हे कळल्यावर तिने शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचण्याची परवानगी मागितली आणि दुसऱ्यांदा वाचताना तिचा आवाज स्पष्टपणे चढला होता.

हे शब्द आपल्यापर्यंत पोहोचले ते कोणीतरी जपून ठेवले म्हणून. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ साली छापले गेले, पण पुढे ते जवळजवळ विस्मृतीतच गेले आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध केले तेव्हा कुठे नव्या वाचकांच्या हाती आले. बहिणाबाई चौधरी यांना लिहिता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर सुचलेल्या त्यांच्या ओळी घरातल्यांनी टिपून ठेवल्या नसत्या, तर त्यांच्या निधनानंतर १९५२ साली निघालेला संग्रह निघालाच नसता. म्हणूनच यंदा वाचनाबरोबर आपल्या परिसरातील वृद्ध स्त्रियांच्या ओव्या आणि आठवणी ध्वनिमुद्रित करून वहीत उतरवण्याचे काम कार्यकारिणीने हाती घेतले आहे.

आजवर हे काम ज्यांच्या जिवावर चालले, त्यांचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे सर्व भाग, समासातील स्वतःच्या पेन्सिलीच्या नोंदींसह, ज्या निवृत्त शिक्षिकांनी आपल्याला दिले, त्या आजही दर महिन्याला पहिल्या रांगेत असतात. सुट्या झालेल्या पानांची बांधणी एक बाइंडर दादा पाच वर्षे बिनामोबदला करून देत आहेत. कापडाचे पैसे घ्या म्हटले तर रागावतात. पहिले कपाट बचत गटाच्या भगिनींनी आपल्या शिलकीतून दिले. गेल्या पावसाळ्यात त्याच कपाटाच्या खालच्या खणाला वाळवी लागली, पंडिता रमाबाईंचे चरित्र आणि रमाबाई रानडे यांच्या आठवणींची जुनी प्रत त्यात गेली.

मनातली एक खंत लिहितो. गेल्या वर्षी याच कामासाठी पाठवलेल्या पत्राला फारच थोड्या सभासदांनी उत्तर दिले. नकार आला असता तरी वाईट वाटले नसते. पण ज्यांच्या घरच्या मुली याच वाचनालयात अभ्यास करून पुढे गेल्या, त्यांच्याकडून साधी पोचही आली नाही, हे मनाला लागले. ओल आणि वाळवी मात्र आपल्या सवडीची वाट पाहत नाहीत.

निकड एका लोखंडी कपाटाची, एका ध्वनिमुद्रण यंत्राची आणि नव्या प्रतींची आहे. गोदावरी परुळेकर, ताराबाई मोडक, अनुताई वाघ, बेबी कांबळे आणि शांताबाई कांबळे यांचे व त्यांच्याविषयीचे साहित्य अग्रक्रमाने हवे. देणगी यथाशक्ती, रोख वा वाचनालयाच्या नावे धनादेशाने, १५ डिसेंबरपर्यंत सायंकाळी ५ ते ८ या वेळेत (सोमवार बंद) ग्रंथपालांकडे देऊन पावती अवश्य घ्यावी. सुस्थितीतील पुस्तकेही चालतील, मात्र क्रमिक पुस्तके आणू नयेत. ओव्या सांगू शकतील अशा आजी घरात वा शेजारी असल्यास त्यांचे नाव ग्रंथपालांकडील वहीत नोंदवावे. त्यांना येणे जमत नसेल तर आम्ही घरी येऊ.

आपला नम्र,
कार्यवाह
(कार्यकारिणीच्या वतीने)