ओ निगेटिव्ह ‘कुणालाही चालतं’ असं छापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी १४ जूनला, रक्तदाता दिनाला, सगळ्याच पेपरांत एक चौकट येते आणि त्यातलं एक वाक्य ठरलेलं असतं, ओ निगेटिव्ह रक्त कुणालाही चालतं. हे वाक्य युरोपात खपून जात असेल, आपल्याकडे खपवू नका एवढंच सांगायला हे पत्र. माझ्या मामेभावाला ते चाललं नाही.

झालं असं की त्याचं खुब्याचं ऑपरेशन ठरलं, डॉक्टर म्हणाले दोन पिशव्या तयार ठेवा. गणपती मंडळाच्या फुकट रक्तगट तपासणीतलं कार्ड बारा वर्षं त्याच्या पाकिटात, ओ पॉझिटिव्ह, त्यामुळे आम्ही निर्धास्त, मी स्वतः ओ, घरात अजून दोघं ओ. पण क्रॉसमॅचला (पिशवीतलं रक्त पेशंटच्या रक्ताशी जुळतं का ते बघतात त्याला) एकही पिशवी जुळेना, मग ओ निगेटिव्ह लावून बघितलं तर तेही नाही. आम्हाला वाटलं सॅम्पलची अदलाबदल झाली, ब्लड बँकेतल्या बिचाऱ्या टेक्निशियनला नाही नाही ते ऐकवलं (त्यात मीही होतो, आता लाज वाटते). दुसऱ्या दिवशी त्याच टेक्निशियनने सांगितलं, हा बॉम्बे ग्रुप आहे.

म्हणजे काय ते त्यानेच समजावलं, ते मला जसं कळलं तसं लिहितो. लाल पेशीवर एक खुंटी असते, तिला एच म्हणतात. ए वाल्याच्या खुंटीवर ए ची टोपी, बी वाल्याच्या खुंटीवर बी ची, आणि ओ म्हणजे नुसती रिकामी खुंटी. बॉम्बे ग्रुपवाल्याकडे खुंटीच नसते, त्यामुळे त्याच्या शरीराला ओ चं रक्तसुद्धा परकं वाटतं आणि ते त्याच्यावर तुटून पडतं. शिबिरात काचेवर तीन थेंब टाकून बघतात त्यात ए नाही बी नाही एवढंच दिसतं, म्हणून कार्डावर ओ लिहून मोकळे होतात. पेशंटचं सीरम, म्हणजे रक्तातल्या पेशी बाजूला काढल्यावर उरणारं पाणी, ओ च्या पेशींशी लावून बघितलं की मगच बिंग फुटतं.

हा गट १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत शोधला, नाव त्यावरूनच. युरोपात तो दहा लाखांत एखाद्याचा, आपल्याकडे साधारण दहा हजारांत एकाचा. २०११ च्या जनगणनेत पुणे जिल्हा ९४ लाखांचा होता, नुसती सरासरी लावली तरी नऊशेच्या वर माणसं झाली, आणि त्यातल्या कितीजणांच्या पाकिटात ओ चं कार्ड असेल कोण जाणे. भारतात नोंदल्या गेलेल्या केसेसमध्येही महाराष्ट्रातल्या जास्त आहेत. खुंटी नसायला आई आणि वडील दोघांकडून बिघडलेला जीन यावा लागतो, आणि आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न हे तर हक्काचं, त्यामुळे एकाच आजोबांचा जीन दोन्ही बाजूंनी येऊन भेटतो. माझे मामा-मामी आत्ये-मामे भावंडंच आहेत.

गंमत म्हणजे टोपी कपाटात असू शकते! खुंटी नसलेल्या बाईकडे बी चा जीन लपलेला असेल आणि नवरा ए असेल तर मूल एबी होऊ शकतं, खुंटी बापाकडून मिळते. कार्डावर आई ओ आणि बाळ एबी, मग सासरी काय कुजबुज होत असेल ते मी सांगायला नको.

आणि ओ निगेटिव्हचं म्हणाल तर तेही आपल्याकडे कुठे पडलंय, युरोपात शंभरात पंधराएक आरएच निगेटिव्ह (गटापुढचं निगेटिव्ह ते हेच), आपल्याकडे पाचच्या आसपास, त्यातले ओ किती उरणार. उलट बी गट आपल्याकडे भरपूर, पश्चिम युरोपात शंभरात दहाएक तर इथे तीसच्या आसपास. हे काही आज कळलेलं नाही, पहिल्या महायुद्धात लुडविक आणि हाना हिर्झफेल्ड या जोडप्याने ग्रीसमधल्या सलोनिकाच्या आघाडीवर वेगवेगळ्या देशांच्या सैनिकांचं रक्त तपासलं, त्यात भारतीय सैनिकही होते, आणि बी आपल्याकडे जास्त हे १९१९ मध्येच छापून आलं. तरी आपल्या चौकटीत आकडे मात्र तिकडचे.

तेव्हा पुढच्या जूनमध्ये इथले आकडे द्या, आणि त्या वाक्याला ‘बॉम्बे ग्रुप सोडून’ एवढे तीन शब्द जोडा, जागा फार जात नाही. ज्यांच्या घरात बॉम्बे ग्रुप निघालाय त्यांच्या सख्ख्या भावंडांनी तपासून घ्यावं हेही छापा, कारण प्रत्येकाला चारात एक शक्यता असते. मामेभावाचं ऑपरेशन झालं ते पंधरा दिवस उशिरा, धाकट्या बहिणीचा गट जुळला म्हणून.

तो परवा कंपनीचा मेडिकल फॉर्म ऑनलाइन भरत होता, रक्तगटाच्या रकान्यात आठच पर्याय. शेवटी ओ पॉझिटिव्हवर टिक केली आणि ओळखपत्राच्या मागे बहिणीचा फोन नंबर लिहून सेलोटेप लावली.

आपला,
एक जुना वाचक,
कोथरूड, पुणे